समुद्राच्या तळाशी विहीणबाई

राजमती मगदूम पहिल्यांदा समुद्राच्या तळाशी गेल्या त्या चहाच्या रांगेमुळे. महिला मंडळाची सहल मालवणला गेली होती. धक्क्यावर एक रांग दिसली, ती चहाची असणार असं धरून राजमती आणि त्यांची जाऊ अनुराधा तीत उभ्या राहिल्या. चहाऐवजी हातात रबरी कपडे पडले तेव्हा मागं फिरायची सोय उरली नव्हती, कारण मंडळाच्या अध्यक्षीणबाई सगळं बघत होत्या. तासाभरानं दोघी वर आल्या. अनुराधाला हुडहुडी भरली होती आणि राजमती म्हणत होत्या, "चल गं, आनि एकदा."

निपाणीतल्या तंबाखूच्या वखारवाल्याची बायको, सूर्यास्ताआधी जेवणारी, पाणी गाळून पिणारी. तिनं पुढं स्कूबाचा रीतसर कोर्स केला, कार्ड मिळवलं आणि दर हिवाळ्यात जावेला घेऊन मालवण गाठलं. नवरा पार्श्वनाथ गाडी चालवायचे. त्यांना पाण्याची अशी धास्ती, की बायको बुडी मारून वर येईपर्यंत ते समुद्राकडं पाठ करून किनाऱ्यावर बसायचे.

मग अनुराधा मुलाकडं बेंगळूरला राहायला गेली, तिचे गुडघेही गेले, आणि सगळं थांबलं. पाण्याखाली एकट्यानं जायचं नसतं, जोडीदार लागतो. राजमतींनी हळदीकुंकवाला, मंदिरात, भिशीत, जिथं बायका भेटतील तिथं विचारून पाहिलं. बायका त्यांच्याकडं अशा बघायच्या, जणू त्यांनी सती जायला सोबत मागितली होती. बघता बघता बरीच वर्षं गेली. रबरी सूट ट्रंकेत लोकरीच्या कपड्यांखाली गेला.

मध्यंतरी मुलाचं, अरिहंतचं लग्न झालं. तो मच्छे गावच्या एका कारखान्यात इंजिनिअर, आणि सून तेजस्वी त्याच्याच ऑफिसातली, खानापूर भागातल्या मराठा शेतकऱ्याची लेक. लग्न गोडीत ठरलं आणि आमटीत बिनसलं. मुलीकडच्यांनी जैन पाहुण्यांचा वेगळा स्वयंपाक केला होता, पण आचाऱ्यानं सवयीनं आमटीला लसणाची फोडणी दिली. राजमतींनी वास घेतला आणि ताट पुढं सारलं. तेजस्वीची आई बाळाबाई स्वतः लाडू घेऊन आग्रहाला आली, तर राजमतींनी पानावर आडवा हात धरला. भर पंगतीत.

तेव्हापासून दोन्ही विहिणींचा अबोला. एका खोलीत बसल्या तरी निरोप तेजस्वीमार्फत जायचे. "तुझ्या सासूला सांग, चहा निवला." "तुझ्या आईला सांग, मला गारच लागतो."

एकदा जेवताना राजमती सहज म्हणाल्या, "जोडीदार मिळाला असता तर ह्या हिवाळ्यात गेलो असतो." तेजस्वीनं विचार न करता उत्तर दिलं, "माझी आई येईल की, आत्या. मलप्रभेच्या पुरात म्हशी वळवायची ती."

पार्श्वनाथांचा घास हातातच राहिला. राजमती मात्र विचारात पडल्या. एका पारड्यात विहीण, एका पारड्यात समुद्र. रात्रभर तळमळून सकाळी त्यांनी सुनेला सांगितलं, "इचार तुझ्या आईला."

बाळाबाईचा निरोप तासाभरात आला. "तिला सांग, मी काय भीत न्हाय."

भातकापणी उरकून बाळाबाई निपाणीला आली आणि तिघांची गाडी आजऱ्यावरून आंबोलीच्या दिशेनं निघाली. तेजस्वी सोबत नव्हती, त्यामुळं निरोप्याचं काम पार्श्वनाथांकडं आलं.

"अण्णा, विहीणबाईंना सांगा, काच वर करा म्हणून. वारं लागतंय," बाळाबाई पार्श्वनाथांना म्हणाली.

"अहो, त्यांना म्हणावं, मला मळमळतंय. उघडीच असू दे," राजमती म्हणाल्या.

घाट उतरेपर्यंत पार्श्वनाथांच्या घशाला कोरड पडली.

मालवणात शामू नावाचा पाणबुड्या त्यांना घेऊन जाणार होता. वर्षानुवर्षं समुद्रात काढलेला दणकट गडी. त्यानं नियम सांगितला: मी सोबत आहेच, पण तुम्ही दोघी जोडी. एकमेकींवर नजर ठेवायची, हात सोडायचा नाही.

पहिली अडचण कपड्यांची निघाली. रबरी सूटची चेन पाठीला असते आणि ती स्वतःची स्वतःला ओढता येत नाही. आडोशात दोघीच होत्या. पार्श्वनाथांना तिथं बोलावण्याची सोय नव्हती. बराच वेळ दोघी एकमेकींकडं पाठ करून उभ्या राहिल्या. शेवटी बाळाबाई भिंतीकडं बघून म्हणाली, "ओढा."

लग्नानंतर विहिणीशी थेट बोललेला हा पहिला शब्द. राजमतींनी चेन ओढली. मग मागं वळून त्यांनीही म्हटलं, "ओढा." बाळाबाईनं अशी ओढली, की राजमतींचा श्वास तिथंच अडकला.

होडीत शामूनं खुणा शिकवल्या. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला तर सगळं ठीक. अंगठा वर केला तर वर जायचं. मग त्यानं छातीशी लोंबणारी एक पिवळी नळी दाखवली. "मावशी, ही तुमची न्हय. जोडीदाराची हवा संपली, काय बिघाडलां, तर ही तिच्या तोंडात देवची."

"म्हंजे पाव्हण्याची," बाळाबाई म्हणाली.

राजमती डोळे मिटून मंत्र पुटपुटल्या, "णमो अरिहंताणं..."

"अवो, अरिहंत मच्छेला कामावर हाय," बाळाबाई म्हणाली. "त्यो कुठनं येतोय आता?"

मग आधी कुणी उतरायचं यावरून घोळ झाला. बाळाबाई म्हणाली, तुम्ही मुलाकडच्या, मान तुमचा. राजमती म्हणाल्या, तुम्ही पाहुण्या, तुम्ही आधी. पाठीवर लोखंडी सिलिंडर घेऊन दोघी होडीच्या काठावर "तुम्ही, तुम्ही" करत राहिल्या. शामूनं थोडा वेळ वाट पाहिली आणि दोघींना एकदमच ढकललं.

खाली गेल्यावर राजमतींच्या अंगातली सगळी जुनी वर्षं सुटी झाली. तोच हिरवा उजेड, तोच आपल्याच श्वासाचा घरघर आवाज, आणि अंगाला वजन म्हणून नाही. एवढ्यात त्यांना कुणीतरी वर खेचलं. डोकं पाण्याबाहेर आलं.

"काय झालां, मावशी?" शामू बाळाबाईला विचारत होता.

"काय न्हाय. लई भारी हाय म्हून अंगठा दावला."

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचं बारसं असो की बारावं, बाळाबाईचा अंगठा ठरलेला. ती खोड पाण्यात कुठली जाणार? तिघं पुन्हा खाली गेली, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला शामूनं कोपरापासून हात जोडले. राजमतींनी मात्र उपाय काढला: विहिणीचा उजवा हात आपल्या मुठीत घट्ट धरला, अंगठ्यासकट.

आता कुठं तिघं नीट खाली पोचली. खडकाआडून एक भलामोठा मासा डुलत आला. राजमती त्या जिवाकडं मायेनं बघत राहिल्या. बाळाबाईनंही बघितलं, मग मोकळ्या हातानं खूण केली. आधी मीठ भुरभुरलं, मग तिखट चोळलं, तव्यावर टाकलं आणि उलथन्यानं परतलं. शेवटी मासा किती खुसखुशीत झाला तेही मान हलवून सांगितलं.

राजमतींना संताप यायला हवा होता. पण आलं ते हसू. हसताना गाल फुगले, डोळ्यांवरच्या काचेच्या कडा सुटल्या आणि खारट पाणी डोळ्यांत, नाकात शिरलं. कार्डवाल्या राजमतींना, पाणी कसं काढायचं हे जाणणाऱ्या राजमतींना, त्या क्षणी काही म्हणता काही आठवेना. त्यांनी आ केला आणि तोंडातली नळीही निसटली.

शामू पलीकडच्या अंगाला होता. तो वळेपर्यंत बाळाबाईनं विहिणीला खांद्याला धरून वाळूवर बसवलं, एका हातानं हनुवटी वर केली आणि पिवळी नळी तोंडात कोंबली. राजमतींनी आंधळेपणी हात आडवा धरला. बाळाबाईनं तो हात बाजूला सारून नळी आणखी आत दाबली, आणि लेकराला भरवताना थोपटावं तसं पाठीच्या सिलिंडरवर थोपटत राहिली. राजमतींनी दीर्घ श्वास घेतला. मग दुसरा.

दोघी होडीत आल्या. मग केस पिळता पिळता बाळाबाई म्हणाली, "घेतलंसा न्हवं शेवटी माझ्या हातचं?"

"लसूण नव्हता त्यात," राजमती म्हणाल्या.

आणि दोघी अशा हसल्या, की शामूला होडी सावरावी लागली. किनाऱ्यावरच्या पार्श्वनाथांनी तो आवाज ऐकला आणि कुणीतरी रडतंय असं समजून ते पाठमोरेच धावत सुटले, तेही गावाच्या दिशेनं.

दुपारी खाणावळीत बाळाबाईनं मासा मागवला. राजमतींनी पलीकडच्या टेबलावर घरचा डबा उघडला. ताट आलं. बाळाबाईनं मासा उलटा केला, सुलटा केला, त्याच्या डोळ्यात बघितलं आणि सोलकढी-भातावर भागवलं. दुसऱ्या दिवशी मात्र खाल्ला, तोही दोन.

निपाणीला परतल्यावर अनुराधाचा बेंगळूरहून फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती आणि आवाजात रुसवा होता.

"मला सोडून विहिणीसंगं गेलतीस व्हय? कशी हाय ती पाण्यात?"

राजमतींना अनुराधाचा गार, हलका हात आठवला. ती पाण्यात सावलीसारखी बाजूनं यायची, ओढणं नाही की ढकलणं नाही. "तुझ्यासारखी न्हाय गं," त्या खरं तेच बोलल्या. "हात धरून नुसती फरफटत न्हेती. समद्या माशांची भाजी करती."

मग अनुराधा म्हणाली, "गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतो म्हणतो. फुडच्या हिवाळ्यात मी बी येतो."

"ये की," राजमती म्हणाल्या, आणि त्यांनी पुढं जोडलं, "बाळाबाईंना तेवढं इचारून बघतो."