गोदाबाईला बसायचंय

संत्रं निवडणं हे बसून करायचं काम आहे, असं गोदाबाईचं ठाम मत होतं, आणि ते तिने कोणाला विचारून बनवलेलं नव्हतं. तिचं माहेर बार्शीटाकळीचं. बाप भाजीपाला पिकवायचा, आणि सातव्या वर्षापासून गोदा मांडी घालून सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायची. लग्न होऊन ती तिवस्याकडे आली. सासरी संत्र्याचा बगीचा नव्हता, पण गावात पुष्कळांचे होते. तोडीच्या दिवसांत झाडाखाली तणसावर संत्र्यांचा ढीग पडला की बायका भोवतीनं बसायच्या. डागी इकडे, फुटकं तिकडे, चांगलं टोपलीत. हात कामाला आणि तोंड गप्पांना. देठापाशी अंगठा टेकवला की आतली फोड घट्ट आहे की सैल पडलीय हे गोदाबाईला कळायचं. व्यापारी आपला माल मुद्दाम तिच्यापुढे ओतायला लावायचे. अशी तिने पंचवीस वर्षं काढली आणि त्या पंचवीस वर्षांत तिचे पाय एकदाही दुखले नाहीत.

मग हमरस्त्याला लागून पत्र्याचं मोठं शेड झालं. संत्रं धुवायला, पुसायला, त्याला मेणाची चमक द्यायला मशीन आलं. झाडाखालचं ऊन गेलं, डोक्यावर पंखा आला, प्यायला थंड पाणी आलं. हे सगळं गोदाबाई कबूल करायची. ती काही आंधळी नव्हती. पण ज्या कोणी शहाण्याने संत्री वाहणारा तो पट्टा बनवला, त्याने तो बरोब्बर कमरेच्या उंचीवर बनवला. खाली बसलं तर संत्रं दिसत नाही. म्हणून बारा बायका सकाळी नवापासून संध्याकाळी सहापर्यंत उभ्या. मध्ये अर्धा तास जेवण, तेवढंच काय ते बुड टेकायचं.

“ज्यानं हे बनवलं ना, त्याले एक दिवस इथं उभा करा,” गोदाबाई म्हणायची. “फक्त एक दिवस. मंग पाहा कसा पट्टा खाली येते ते.”

तीन हंगामांत तिच्या पोटऱ्यांवर निळ्या-हिरव्या नसांच्या गाठी आल्या. संध्याकाळी पावलं इतकी सुजायची की जोडवी बोटात रुतायची. रात्री पोटरीत गोळा आला की नवऱ्याला, नत्थुजींना, उठून पाय दाबावे लागायचे. शेवटी ती अमरावतीला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने पोटरी दाबून पाहिली आणि सांगितलं, “जास्त वेळ उभं राहायचं नाही.”

“आमचं कामच उभ्याचं हाये, डॉक्टरसाहेब.”

“मग काम बदला.”

एवढं सांगून त्याने मांडीपर्यंत चढवायचे घट्ट रबरी मोजे लिहून दिले. वऱ्हाडातल्या उन्हात, साडीच्या आत, रबरी मोजे! गोदाबाईने ते दोन दिवस घातले, तिसऱ्या दिवशी पायावर घामोळ्या उठल्या आणि मोजे ट्रंकेत गेले. नत्थुजींचं मत तर डॉक्टरपेक्षा सोपं होतं.

“सोडून दे काम. घरी बस.”

“घरी बसाले कोन देते?” गोदाबाई उसळली. “चुलीपाशी उभी, नळापाशी उभी, तुमच्या मायच्या औषधाले उभी. घरी बस म्हनते मोठे!”

तिला चीड कशाची येत होती? पाय तिचे दुखत होते आणि उपाय म्हणून जो तो तिलाच तिथून उठवत होता. काम तिला आवडायचं. तिच्या अंगठ्यासारखा अंगठा अख्ख्या शेडमध्ये दुसरा नव्हता आणि हे तिला ठाऊक होतं. तिला फक्त बसायला काहीतरी हवं होतं. एक उंच स्टूल. सोन्याचं नको, चांदीचं नको. पण साऱ्या दुनियेला गोदाबाई हलवणं सोपं वाटत होतं आणि स्टूल हलवणं अवघड.

शेडचा सुपरवायझर सागर पस्तिशीचा, गावातलाच. तो वाईट माणूस नव्हता, आणि खरा ताप तोच होता. वाईट असता तर कडकडून भांडता तरी आलं असतं. गोदाबाई स्टुलाचं बोलली की तो मान डोलवायचा.

“हाव काकू, करू ना. मी वरतं सांगतो.”

“वरतं म्हंजे कुठं रे बाबू? पत्र्यावर?”

तीन महिने हे चाललं. चौथ्या महिन्यात मालकांनी काहीतरी केलं, पण स्टूल नाही आणलं; त्यांनी आरोग्य सप्ताह भरवला. भिंतीवर ‘तुमचं आरोग्य, तुमच्या हाती’ असा फलक लागला. अमरावतीहून एक व्याख्याते आले आणि ‘कामाच्या ठिकाणी योग्य प्रकारे कसं बसावं’ या विषयावर तासभर बोलले. पडद्यावर एक गोरापान माणूस फिरत्या खुर्चीत बसून कॉम्प्युटरकडे बघत होता. पाठ कशी टेकवावी, पाय जमिनीला कसे लागले पाहिजेत, सगळं व्याख्याते समजावून सांगत होते. शेडमध्ये खुर्ची एकच होती आणि तिच्यावर ते स्वतः बसले होते. बारा बायकांनी बसण्याचं शास्त्र उभ्यानं ऐकलं.

“गोदाबाई,” शेजारची वच्छला कुजबुजली, “त्या फोटोतल्या मानसाले इचारा ना, खुर्ची कुठून आनली म्हनून.”

वर आणखी, जाताना प्रत्येकीला मानेभोवती घालायची एकेक मऊ उशी भेट मिळाली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? गोदाबाईने ती उशी नातवाला खेळायला दिली.

आणि मग एक कागद आला. मुंबईची कुठलीशी मोठी कंपनी इथली संत्री आपल्या दुकानांसाठी घेणार होती, पण आधी त्यांची माणसं येऊन कामगारांना कसं ठेवलंय ते बघणार होती. कागदावर एक यादी होती, आणि यादीत ‘बसण्याची सोय’ असं लिहिलेलं होतं. दोन दिवसांत बारा उंच लोखंडी स्टुलं हजर! वर रेक्झिनची गादी, खाली पाय टेकवायला गज. चार महिने गोदाबाईने घसा कोरडा केला त्याचं काही झालं नाही आणि एका कागदाने ते दोन दिवसांत केलं, याचा तिला राग आलाच. पण ती स्टुलावर बसली, आणि राग कुठल्या कुठे गेला.

पुढचे तीन आठवडे गोदाबाईच्या पायांना सुख लागलं. सूज उतरली, जोडवी बोटात फिरायला लागली. नत्थुजी अख्खी रात्र झोपू लागले. बसल्यामुळे काम मंद होईल अशी सागरला धास्ती होती, म्हणून त्याने गुपचूप मोजलं. उलट दुपारनंतर पट्ट्यावरून निसटून जाणारं डागी संत्रं कमी झालं होतं.

तपासणीच्या दिवशी मुंबईच्या कंपनीची माणसं आली: तीन पुरुष आणि हातात कागद अडकवलेली पाटी धरलेली एक तरुण मॅडम, आकांक्षा नावाची. मॅडम मूळची अकोल्याची, आता पुण्यात राहणारी. तिने पट्टा थांबवायला सांगितला आणि सागरला बाहेर घालवलं. कामगारांशी तिला तो नसताना बोलायचं होतं. असा योग पुन्हा यायचा नव्हता. स्टुलं कायमची ठेवा, तपासणी संपली की उचलू नका, एवढंच मॅडमच्या कानावर घालायचं, असं बायकांनी आदल्या दिवशी ठरवलं होतं, आणि बोलायचं काम अर्थात गोदाबाईचं होतं.

मॅडम पट्ट्यापाशी येऊन उभी राहिली. मागे ती तीन माणसं उभी. समोर बारा बायका स्टुलांवर बसलेल्या.

आता हे कसं शक्य आहे सांगा. दारात पाहुणे उभे आणि आपण ऐटीत बसलेलो? कुठल्या घरात जन्म घेतला आपण? गोदाबाई कोणाच्याही आधी उठली. पदराने स्टुलाची गादी पुसली आणि पुढे सरकवली.

“बसा बाई. उभ्या काहून?”

तिच्यामागोमाग वच्छला उठली, आणि बघता बघता बाराही स्टुलं रिकामी झाली.

“अहो काकू, तुम्ही बसा,” मॅडम म्हणाली.

“नाई नाई, तुमी बसा. आमचं काय, आमाले सवय हाये उभं रायाची.”

हे वाक्य गोदाबाईच्याच तोंडून निघालं. मॅडमने पाटीवर काहीतरी लिहिलं.

“काम करताना काही त्रास होतो का?”

“कायचा त्रास बाई? सगळं बेस हाये.”

पाहुण्याने चहाही घेतलेला नाही आणि आपण आपलं दुखणं काढून बसायचं, ही रीत नव्हे. आधी चहापाणी, मग हालहवाल, मग हळूच मुद्द्याची गोष्ट. गोदाबाई चहाची वाट बघत होती. मुद्दा तिच्या ओठावर तयार होता. चहा आला, पण तो ऑफिसात. मॅडम “येते हं काकू” म्हणून आत गेली, आणि तिथूनच गाडीत बसून गेली.

चौथ्या दिवशी सागरने स्टुलं उचलायला लावली. दोन वजनकाट्यापाशी गेली, चार ऑफिसात, बाकीची मालकांच्या घरी.

“मी काय करू काकू?” तो चाचरत म्हणाला. “रिपोर्टात लिवलं हाये. बसाची सोय हाये, पन बाया वापरत नाईत, उभ्यानं काम कराले त्याईले बरं वाटते. अन् स्टुलाईनं रस्ता अडते. मॅडमनं इचारलं तवा तुमीच म्हनल्या ना, सवय हाये.”

गोदाबाईला ओरडायचं होतं, पण ओरडणार कोणावर? मालकांवर, सागरवर, की ज्या अकोल्याच्या पोरीला एवढंही कळलं नाही तिच्यावर? सगळ्यांत जास्त राग तिला स्वतःचाच आला. चार महिने ज्याच्यासाठी भांडली ते तिने एका पाहुणचारात देऊन टाकलं होतं. “आग लागो माह्या तोंडाले!” ती म्हणाली. वच्छलाने एरवी चेष्टा केली असती. त्या दिवशी तिनेही केली नाही. आठ दिवसांत सूज परत आली.

त्यानंतर कळलं की मॅडम पुन्हा येणार आहे. अहवाल कामगारांना वाचून दाखवला अशा बाराजणींच्या सह्या हव्या होत्या. पट्टा चालूच ठेवायचा आणि मॅडमने एकेकीजवळ जाऊन वाचून सही घ्यायची, असं ठरलं. गोदाबाईची जागा पट्ट्याच्या टोकाला, बारावी.

मॅडम पहिलीपाशी आली तेव्हा गोदाबाईने एक रिकामं कॅरेट उलटं केलं आणि ती त्याच्यावर बसली. कॅरेट ठेंगणं, तिच्या डोक्यावरून संत्री जात होती. सागर धावत आला.

“काकू, उठा ना. पाव्हने आले, कसं दिसते ते!”

“दिसू दे.”

बसणं इतकं कठीण असतं हे गोदाबाईला त्या दिवशी कळलं. मॅडम एकेक बाई पुढे सरकत होती आणि हिच्या गुडघ्यांना आपोआप उठायची ओढ लागत होती. बापाने पाहिलं असतं तर काय म्हणाला असता? तिने कॅरेटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. अकरा सह्या होईपर्यंत पाऊण तास गेला. मग मॅडम तिच्यापुढे येऊन उभी राहिली, आणि गोदाबाई उठली नाही.

“काकू, सही करताय ना?”

“तुमाले उभं ठेवून राहिली, माफ करा बाई. पन मी उठली, तं तुमी पुन्यांदा तेच लिवसान.”

“पण तुम्हीच म्हणाला होतात, सवय आहे म्हणून.”

“म्हनली. तुमी पाव्हन्या होत्या. पाव्हन्याले कोनी सांगते काय, की आमचे पाय सडून राहिले?” गोदाबाईने साडी पोटरीपर्यंत वर घेतली. नसांच्या गाठी उघड्या पडल्या. “तुमी तं अकोल्याच्या. पुन्या-मुंबईच्या मानसाले नाई समजलं तं एक डाव चालते. तुमाले काहून नाई समजलं?”

मॅडम पोटरीकडे बघत राहिली. अंगाचा भार तिने एका टाचेवरून दुसऱ्या टाचेवर घेतला, पुन्हा पहिल्या टाचेवर. दुनियेची संत्री निवडलेल्या गोदाबाईच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं.

“किती वेळ झाला बाई तुमी उभ्या हा?”

मॅडमने घड्याळ पाहिलं. “पन्नासेक मिनिटं.”

“पाय दुखून राहिले ना?”

“हाव,” मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

“मंग तेच लिवा,” गोदाबाई म्हणाली. “अन् खाली घ्या माही सही.”