काकांच्या घरचा कूलर

हिंगण्याच्या आमच्या कारखान्यातला संगणक म्हणजे दुसऱ्या कुणीतरी टाकून दिलेलं आणि आमच्या माथी मारलेलं म्हातारं मशीन. ते सांभाळायला आम्ही दोघंच, मी आणि काका. काका माझे वरिष्ठ. पण साहेबपणा त्यांना कधी जमलाच नाही. त्या वर्षी होळीच्या आधी त्यांची बायको वारली. मूलबाळ नव्हतं. तेरावं झालं आणि माणूस त्या संगणकाच्या खोलीत येऊन बसला तो उठायलाच तयार होईना.

उन्हाळ्यात खोलीतला एसी बंद पडला. वर कुणी दुरुस्तीचं नाव काढेना, तेव्हा काकांनी नागपुरात महाल भागातल्या आपल्या घरचा कूलर टेम्पोत घालून आणला आणि खिडकीत बसवला. घरी आता कुणाला लागतो, म्हणाले. टाकीत पाणीही स्वतःच भरत. मृग लागला, गावातल्या सगळ्यांनी आपापले कूलर बंद केले, तरी आमचा आपला सुरूच. मशीन तापायला नको, एवढाच त्यांचा धोशा. खोलीत नुसती चिकचिक. मी मनातल्या मनात चरफडायचो, पण अशा माणसाला बोलणार तरी काय?

श्रावणात मशीन सुरूच होईना. बटण दाबलं की पडद्यावर ओळी उमटत, ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, म्हणजे कर्नेल, मेमरी मोजायला घेई आणि तिथेच ‘पॅनिक’ असं लिहून मान टाकी. मुख्य कचेरीतून निरोप आला, आमची माणसं बघायला येताहेत; तोवर चाललं नाही तर मशीन भंगारात आणि काकांची बदली पुण्याला. काकांचा चेहराच उतरला. बायकोबरोबर संसार केलेलं घर सोडून त्यांना कुठेच जायचं नव्हतं.

टेपवरून कर्नेल नव्याने चढवला. मशीन ढिम्म! परत चढवला. पुन्हा तेच. मी चिडून टेबलावर हात आपटला. काका म्हणाले, त्या कर्नेलवर कशाला रागावतोस, मेमरीच दगा देत असेल. मग मेमरीचे बोर्ड एकेक काढून पाहायला लागलो. खिडकीकडचे दोन काढले आणि कर्नेल सुरळीत पुढे गेला. ते बोर्ड उजेडात धरले, तर कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट गंज चढलेला. कूलरचा झोत थेट तिथेच लागत होता. साध्या खोडरबरने पट्ट्या घासल्या, बोर्ड परत बसवले, बटण दाबलं. मशीन सुरू झालं. मला तर नाचावंसं वाटलं.

काकांनी मात्र उठून कूलर बंद केला.

“ओल्या हवेनं झालं ना?” त्यांनी विचारलं.

बोर्डच जुने होते, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांचं लक्ष नव्हतं.

“मागच्या पावसाळ्यात तिची छाती भरून येत होती. डॉक्टर म्हणे, ओली हवा देऊ नका. पण तिले गरमी सहन होत नव्हती गा. मीच रोज पाणी भरून हा कूलर लावून देत होतो. ते दुखणं मग शेवटपर्यंत हटलंच नाही.”

बदली टळली, तुमचं घर वाचलं, हे मला सांगायचं होतं. ते राहूनच गेलं. काकांनी कूलरच्या टाकीवरून हात फिरवला.

“आता त्या घरात राहू कसा, सांग.”