टाचणीची साक्ष

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणत. शिवताना ओठांत टाचण्या धरायची सवय. गिऱ्हाईक कितीही बडबडलं तरी ही नुसता हुंकार द्यायची. संसारही तिने तसाच केला, ओठ मिटून. नवरा गोदामात कारकून, आणि तापट इतका की मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर. आता तो निवृत्त झाला होता, गुडघे कुरकुरत होते आणि आवाजही खाली आला होता. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय!

अशा बाईने सख्ख्या भावावर केस केली होती. भावाने दुकान वाढवायला तिच्याकडून रोख पैसे नेले, बदल्यात चेक दिला, आणि तो बँकेतून न वटता परत आला. लिहून काही घेतलेलं नव्हतं. भावाकडून कोण लिहून घेतं? कोर्टात त्याने सरळ कानांवर हात ठेवले. म्हणे, सही माझीच, पण कोरा चेक तिच्या घरी राहिला होता. कपडे शिवणाऱ्या बहिणीकडे एवढे पैसे असणार कुठून?

तारखांवर तारखा पडत गेल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी भावाचा वकील आजारी. नवरा दर खेपेला सोबत यायचा, तिच्यासाठी बाकावर ठेवायची उशी काखेत घेऊन. पैसे घरखर्चातून वाचवले असं तिने त्याला सांगितलं होतं, आणि बाकावर शेजारी येईल त्याला तो बायकोच्या काटकसरीचं कौतुक ऐकवायचा. तिला ते ऐकवत नसे.

साक्षीच्या दिवशी तिची वकीलबाई तिला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, सही आपल्या बाजूने आहे. पण एवढी रोकड तुमच्याकडे कशी आली हे न्यायाधीशांना पटलं नाही, तर केस गेली म्हणून समजा. घरखर्चातून एवढे वाचत नाहीत हो. खरं काय ते सांगा."

ती पिंजऱ्यात उभी राहिली. भावाचा वकील हसतच उठला.

"पैसे कुठे साठवलेत?"

"मी शिवते त्या दुकानात, मालकीणबाईंकडे. अर्धी मजुरी त्यांच्याकडेच ठेवायची मी. त्या येतील साक्षीला."

"स्वतःचं घर असताना दुसरीकडे? कशासाठी?"

तिने मागच्या बाकाकडे पाहिलं. नवरा उशी मांडीवर घेऊन, मान पुढे काढून ऐकत होता. खोटं बोलायचा तिला फार कंटाळा आला होता.

"घर सोडून जायचं होतं," ती म्हणाली. "नवरा हात उचलायचा. भावाच्या माडीवरची खोली भाड्याने घेणार होते. त्याला सांगायला गेले, तर पैसे आहेत कळल्यावर त्यानेच मागितले."

टंकलेखकाची बोटं थांबली. भाऊ टेबलाकडे बघत राहिला. त्याच्या वकिलाने दोन कागद उगाच खालीवर केले आणि पुढचं विचारायचं नाही म्हणून सांगितलं.

जिना उतरताना नवरा एरवी तिच्या खांद्याचा आधार घ्यायचा. आज त्याने कठडा धरला. बसथांब्यावर दोघं शेजारी उभी राहिली. पूर्वी तो असा घुम्यासारखा झाला की ती आधी ताटं-वाट्या आवरून ठेवायची. आज तिला भीती वाटली नाही, फक्त पाय दुखत होते.

"मला वाटायचं, तू विसरलीस," तो म्हणाला.

"नाही."

त्याने उशी या काखेतून त्या काखेत घेतली. "पैसे मिळाले तर जाशील?"

म्हातारा दिसत होता. तिला त्याची कीव आली, पण कीव येते म्हणून राहायचं, तर सगळा जन्मच त्यात गेला होता.

"जाईन."

त्याने मान हलवली. लांबून बस येताना दिसली.

"मालकीणबाईंची तारीख केव्हा आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"त्यांना आधी आठवण कर," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी लवकर निघू. उशीर नको व्हायला."