मॅडमच्या कडेवर सिद्धी

दुपारचं ऊन हिरव्या पडद्यातून गाळून येतंय आणि तेजल मगदूमच्या पापण्या मिटताहेत, उघडताहेत. 'नुसती पाठ टेकते' म्हणून ती हॉस्पिटलातल्या स्टाफच्या खोलीत आडवी झालीय. पंखा कुरकुरतोय. कानात मात्र सकाळचीच कॅज्युअल्टी चालू आहे.

मिरजेच्या या हॉस्पिटलात ती फार्मसिस्ट आहे आणि कॅज्युअल्टीतल्या औषधांचं खास प्रशिक्षण घेतेय. डॉक्टरांच्या खांद्याशी उभं राहायचं, डोस काढायचा, चुकत असेल तर अडवायचं. आज सकाळी जतकडच्या एका बाईनं सिद्धीला आणलं. चिमुरडी पोर, समोरचा एक दात पडलेला, झटके थांबेनात. डॉ. बिरनाळ्यांनी इंजेक्शन भरायला सांगितलं, तेवढ्यात आई म्हणाली, "तिकडं सुई दिल्यात की." कुठली, ते तिला ठाऊक नव्हतं.

"सर, थांबा," तेजल म्हणाली. "तीच असेल तर दुप्पट होईल. हृदयावर बेतेल."

तिनं गावच्या दवाखान्याला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. पोर तडफडत होती. "मेंदूला काही झालं तर तू जबाबदार!" सर सगळ्यांदेखत ओरडले. शेवटी पलीकडून उत्तर आलं: तेच औषध, पूर्ण डोस. मग दुसरं दिलं. झटके थांबले, पण सिद्धीनं डोळे उघडले नाहीत. अजून नाहीत.

पंख्याची कुरकुर आता स्ट्रेचरच्या चाकांची होते. पायाशी कुणीतरी बसलंय.

"पाय आखड गं जरा. मला जागा दे."

नाडगौडा मॅडम. हे प्रशिक्षण इथं सुरू करणाऱ्या, तेजलला बोट धरून शिकवणाऱ्या, गेल्या थंडीत कॅन्सरनं गेलेल्या. शेवटी डोक्यावर एक केस नव्हता; आता जाड वेणी पाठीवर आहे आणि ती ओली आहे. तेजलला नवल वाटत नाही.

"मॅडम, मी बरोबर होते का?"

"मला काय विचारतेस? मी मेलेय."

"तरी सांगा ना."

"पोर जगली तर तू शहाणी, गेली तर मूर्ख, असं असतं होय? त्या वेळी तुला काय ठाऊक होतं, ते सांग."

तेजल तोंड उघडते, पण खोलीला भिंत राहिलेली नाही. दोघी सतारमेकर गल्लीतून चालताहेत. दोन्ही बाजूंना भोपळे उन्हात वाळत घातलेत, तंबोऱ्याचे, मोठाले. कुणी दिसत नाही, नुसती कानशीची खरखर. एका भोपळ्याच्या पोटात फोन वाजतोय. तेजल कान लावते, भोपळा उचलते, तर वाजणं पुढच्या भोपळ्यात जातं. ती पुढचा उचलते. तिथूनही जातं.

"राहू दे तो," मॅडम म्हणतात. "उशीर होतोय."

तेजल वळून पाहते. मॅडमच्या कडेवर सिद्धी आहे. मान खांद्यावर टाकलेली, हाताला सलाईनची सुई तशीच.

"हिला कुठं नेताय?"

"झोप लागलीय बघ कशी. इथं हिला कुणी टोचणार नाही. तूही चल. तुझ्यावरही कुणी ओरडायचं नाही."

आवाज इतका मायेचा की तेजलची पावलं आपोआप पुढं पडतात. गल्लीच्या टोकाला कॅज्युअल्टीचं दार आहे, पण त्याच्या काचेपलीकडं अंधार नाही, उजेडही नाही, काहीच नाही. पायाखालची फरशी गार पडत जाते. आजी सांगायची, मेलेल्या माणसानं बोलावलं तर ओ देऊ नये. तेजलनं तर ओही दिलीय आणि निम्मी वाटही चाललीय.

"मॅडम, ठेवा तिला."

मॅडम चालतच राहतात.

"मॅडम, तिला खाली ठेवा!"

"कुणाला सांगतेस?" त्या मागं न बघता विचारतात. दार हातभर अंतरावर आलंय.

ज्यांच्यासमोर कधी वर मान केली नाही, त्यांच्या आडवी ती जाते.

"तुम्हालाच. थांबा!"

गल्लीतली खरखर बंद होते. मॅडम तिच्याकडं पाहतात. रागावल्यात की हसताहेत, कळत नाही; डोळे तेवढे भरलेत.

"सकाळी आवाज कापत होता तुझा," त्या म्हणतात. "घे."

सिद्धी तेजलच्या हातात येते. केवढी जड! पोर ताठ होते, अंग वाकवते, आणि तोंडाशी आलेल्या तेजलच्या हाताला कडकडून चावते. तेजल किंचाळते, पण सोडत नाही.

"तेजल! अगं ए, ऊठ!"

दारात आवटी सिस्टर उभ्या आहेत. उन्हाची तिरीप भिंतीवर चढलीय. तेजल घामानं थबथबलीय.

"सिद्धीनं डोळे उघडले. पाणी मागितलं पोरीनं, आईला हाकसुद्धा मारली. बिरनाळे सर तुला बोलावताहेत. पुढचा डोस तुला विचारूनच द्यायचा म्हणाले."

"आले," तेजल म्हणते. आवाज घोगरा निघतो. सिस्टर जातात.

ती उठून बसते, ॲप्रनची बाही सारखी करायला जाते आणि थबकते. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, लाल वळ उठलेत. दातांचे. बारीक, अर्धगोल, समोर एका पडलेल्या दाताची फट.

ती स्वतःचे दात त्यावर टेकवून पाहते. बसत नाहीत.