बसून वाजवणारी

माझा बाप गावात हलगी वाजवायचा. लग्न असू दे, जत्रा असू दे, मयत असू दे, बोलावणं आमच्याच घराला. पाटलाच्या उंबऱ्याबाहेर उन्हात उभा राहून तो वाजवायचा. आतली मंडळी बसून ऐकायची आन वर "जोरात रं" म्हणायची. आम्ही बौद्ध झालो तवा बापानं ती हलगी विळ्यानं फाडली. मला म्हणाला, "आता आपल्या घरात कुणी वाजवायचं न्हाय." मी लहान होतो, पण व्हय म्हणालो.

मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्म काढला. बायको विड्या वळायची. एकच पोर, मुलगी. तिला इंजिनेर करायला बेळगावला धाडली. तिथं ती ड्रम शिकली आन तिघा पोरांसंगं बँड काढला. पंक रॉक म्हणत्यात त्याला. पोरं गिटारी घेऊन सरकारला, शेटजीला, जातीला शिव्या घालत्यात, ही मागं बडवती. सुट्टीला आली की आईच्या विडीच्या सुपावर बोटं चालवायची. मला वाटायचं चाळा हाय. बायकोला सगळं ठाऊक होतं. पुढं पोरीनं नोकरी सोडली, गोवा, बेंगळूर, पुणं करत वाजवत फिरायला लागली. मला कळलं ते शेजाऱ्याच्या मोबाईलवर.

"आप्पा, ह्यात चामडं न्हाय, प्लास्टिक हाय," ती म्हणाली.

"बडवणं तेच."

त्यानंतर तीन वर्सं मी तिच्याशी बोललो न्हाय. ती समोर बसलेली असली तरी बायकोला सांगायचो, "तिला म्हणावं, जेव."

औंदा बायको गेली. पुण्यानुमोदनाला पाहुणे जेवून उठले, तसा मेव्हणा मला ऐकू येईल असं बोलला, "आजा हलगीवाला, नात ड्रमवाली. मधी इंजिनेर कशाला केली?" दोघं-चौघं हसले. पोरगी आईच्या फोटोपुढची मेणबत्ती नीट करत होती. ती उठून माझ्यापुढं आली.

"सांजच्याला बेळगावात कार्यक्रम हाय. काय झालं तरी वाजवायचं, असं आईनं दवाखान्यात माझ्याकडनं कबूल करून घेतलंय. मी जाणार. तुमी न्हाय म्हणालासा तर परत येणार न्हाय."

मधी बोलायला आता बायको न्हवती. ही गेली तर घरात मी आन तो फोटो. पण बापाला दिलेला शब्द बी मोडवत न्हवता.

"मी बी येतो," म्हणालो. "बघतो आदी."

बसमधी एका बाकावर बसलो. तिची बोटं मांडीवर चालायची, मी बघितलं की थांबायची. खरं सांगायचं तर मी न्हाय म्हणायचं ठरवूनच गेलतो.

टिळकवाडीतला हॉल. शंभरभर पोरंपोरी, खुर्ची एक न्हाय. पोरीनं स्टूल सारखं केलं, बसली, काठीवर काठी चारदा वाजवली आन सुरू. बरगड्या हलल्या माझ्या. गाणं कळलं न्हाय, शिव्या कळल्या. मी तिचे हात बघत होतो. बापाचे दिसतील म्हणून भ्या वाटत होतं. मग ध्यानात आलं, ही बसलीया. उंचावर बूड टेकून बसलीया, आन वकील-मास्तरांची लेकरं खाली उभी, घामाघूम, मान वर करून. जोरात कधी, थांबायचं कधी, ते हिच्या हातात.

माझा बाप जन्मभर उभा राहिला.

बायकोनं हे मोबाईलात बघूनच ओळखलं असंल काय? इचारायला ती न्हाय.

"आजोबा, कानात कापूस घाला की," शेजारची पोरगी वरडून म्हणाली.

"असू दे. माझी हाय ती."

"खोटं."

संपल्यावर ती घाम पुसत आली आन चार हातांवर थांबली. बोटांना फोड आलेले.

"चल घरला," मी म्हणालो. "आईपुढची मेणबत्ती विझली असंल."

ड्रम बँडातल्या पोरांनी उचलले. स्टूल मी घेतलं.

"ऱ्हाऊ द्या आप्पा, जड हाय."

मी दिलं न्हाय.