त्या सकाळी मी कुणाला परत पाठवलं

कर्वेनगरला आमच्या सोसायटीत संध्याकाळचं फिरणं झालं की आम्ही पाच-सहा जणी कट्ट्यावर बसतो. मागच्या आठवड्यात बोलता बोलता विषय मुंबईवरच्या हल्ल्यावर गेला आणि तेव्हा कोण कुठे होतं, हे एकेकीने सांगायला घेतलं. एक माहेरी बाळंतपणाला गेली होती. एकीच्या घरी पाहुणे होते आणि जेवणाची ताटं तशीच ठेवून सगळे टीव्हीसमोर बसले होते. प्रत्येकीच्या आठवणीत टीव्ही होता, तीच तीच दृश्यं होती. माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, "मी ड्यूटीवर होते." कुणी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मी तेव्हा शहरातल्या एका रक्तपेढीत टेक्निशियन होते. हल्ला सुरू झाला त्या रात्री मी लवकर झोपले होते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी होती. पहाटे नवऱ्याने उठवून सांगितलं. माझी धाकटी बहीण मुंबईला असते. तिला फोन लावला, ती घरीच होती, सुखरूप होती. हे मुद्दाम सांगते, कारण त्या दिवशी मी जशी वागले त्याला काळजीचं निमित्तही मला देता येत नाही.

आठ वाजता रक्तपेढीपाशी पोचले तर जिन्यावर रांग. आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं. कॉलेजची मुलंमुली होती, बँकेत जाता जाता आलेले लोक होते, रिक्षा बाहेर लावून आलेले दोघे होते. सगळे शांत होते. एरवी आमच्या गावात चार माणसं रांगेत उभी राहिली की पाचवा पुढच्याला नियम शिकवायला लागतो. त्या दिवशी कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं. सगळ्यांना काहीतरी करायचं होतं, आणि पुण्यात बसून करता येण्यासारखं हे एकच होतं.

अडचण अशी होती की ते रक्त कुणालाच नको होतं. आमच्या डॉक्टरांनी मुंबईत ओळखीच्या ठिकाणी फोन करून विचारलं. तिकडे तिथलीच माणसं रांगा लावून उभी होती, बाहेरून काही पाठवू नका, असा निरोप आला. आणि रक्त काही लोणच्यासारखं भरून ठेवता येत नाही. पिशवी पस्तीस दिवस टिकते, नंतर ती टाकून द्यावी लागते. शिवाय आज ज्याने दिलं, त्याला पुढे तीन महिने देता येत नाही. सगळ्यांचं एकदम घेतलं असतं तर महिन्याभराने फ्रीज रिकामा आणि देणाराही कुणी नाही, अशी गत झाली असती. डॉक्टर म्हणाले, "फ्रीजमध्ये जागा आहे तेवढं घ्या. बाकीच्यांची नावं-नंबर लिहून घ्या आणि नंतर यायला सांगा." हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

सांगायला सोपं, ऐकायला कठीण. एक साठीला आलेले गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात घडी केलेला पेपर, मला म्हणाले, "म्हणजे आज आमच्या भावनांना जागा नाही म्हणा की."

"फ्रीजमध्ये जागा नाही," मी म्हटलं.

"मग तशी पाटी लावा बाहेर. 'भावना तीन महिन्यांनी स्वीकारल्या जातील.'"

पण त्यांनी वहीत नंबर लिहिला, नीट, आकडे सुटे सुटे करून.

ज्यांचं घेत होतो त्यांची आधी तपासणी व्हायची. ते टेबल बाहेर, रांगेच्या तोंडाशीच होतं. बोटाला सुई टोचायची आणि रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडायचा. थेंब तळाला गेला तर हिमोग्लोबिन पुरेसं आहे. वरच रेंगाळला तर कमी आहे, त्या माणसाचं रक्त घ्यायचं नाही. अकरा-साडेअकराला एक बाई समोर आली. पस्तिशीची असेल, काटकुळी, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, खांद्याला कापडी पिशवी. मार्केट यार्डाकडून बसने आले, म्हणाली. दोन तास तरी रांगेत उभी असावी.

तिचा थेंब वरच राहिला.

"परत एकदा बघा की, ताई," ती म्हणाली.

मी दुसरं बोट टोचलं. तो थेंबही थोडा खाली गेला आणि मधेच थांबला.

"कमी आहे. घेता येणार नाही."

"बरं, मग थोडंच घ्या. पण घ्या."

मला सकाळपासून चहा मिळाला नव्हता. मागे रांग होती. 'नाही' म्हणून म्हणून माझा आवाज कडक झाला होता, आणि मी म्हणाले, "अहो बाई, तुमच्याच अंगात रक्त नाही, तर देणार काय तुम्ही?"

मागे कुणीतरी हसलं. मुद्दाम नसेल, ताण आला की माणूस हसतो तसं. पण हसलं. तिने बोटावरचा कापूस दाबून धरला आणि खाली बघितलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. मग मी वही तिच्यापुढे सरकवली आणि पुढचं सगळं घडाघडा बोलून टाकलं: पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे खा, लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, तीन-चार महिन्यांनी या. बोलताना मी तिच्याकडे बघतही नव्हते, पुढच्या माणसाचा फॉर्म तपासत होते. तिने हळूहळू, एकेक आकडा आठवून नंबर लिहिला आणि गेली.

संध्याकाळी घरी जाताना मला मुंबई आठवत नव्हती, त्या कानाच्या पाळ्या आठवत होत्या. घरी आले तर टीव्ही चालूच होता. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळत बसले.

मग मे महिना आला. रक्तपेढीला मे सगळ्यांत वाईट. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, लोक गावाला. पण ऑपरेशनं थांबत नाहीत आणि बाळंतपणंही थांबत नाहीत. फ्रीजचे कप्पे मोकळे दिसायला लागले तेव्हा मला ती वही आठवली. दुपारी जेवण झाल्यावर मी एकेक नंबर फिरवायला घेतला.

काही नंबर बंद होते. कुणी गावी होतं, कुणी मीटिंगमध्ये. एका मुलाने घाबरून विचारलं, "का हो, आता कुठे हल्ला झालाय?" कुठेही नाही म्हटल्यावर तो सुटल्यासारखा हसला आणि परीक्षा झाली की बघतो म्हणाला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. त्या सकाळी तो खरंच आला होता, आणि आता त्याची परीक्षा होती, हेही खरंच होतं. पाटी लावायला सांगणारे गृहस्थ साठ पूर्ण झाल्यामुळे बाद झाले होते. "तुमच्या फ्रीजला जागा झाली आणि आमचं वय झालं," असं म्हणून त्यांनी दोन दिवसांनी जावयाला पाठवून दिलं.

तिचा नंबर आला तेव्हा मी तो सोडून पुढे गेले. सगळी यादी संपल्यावर परत मागे आले.

"रक्तपेढीतून बोलतेय. तुम्ही तेव्हा, मुंबईच्या वेळी..."

"बोलावताय का?" तिने मला पूर्ण करू दिलं नाही. "उद्या सकाळी येते."

आली. अंगाने थोडी भरली होती. मी बोट टोचलं आणि थेंब सोडला. ती वाकून, बाटलीला नाक लागेल इतक्या जवळून बघत होती. थेंब सरळ तळाला गेला.

"गेला खाली," ती म्हणाली. जणू मला दिसत नव्हतं.

ती खाटेवर पडली, मी सुई लावली आणि मूठ उघड-मीट करायला तिच्या हातात चेंडू दिला. मग विचारलं, "त्या दिवशी एवढ्या लांबून का आला होता?"

"मालक टेंपो चालवतात. भाजी घेऊन वाशीला गेले होते त्या रात्री. टीव्हीवर ते सगळं चाललेलं, आणि यांचा फोन लागंना. मला कुठं ठाव, वाशी कुठं आणि ते कुठं. मुंबई म्हंजे मुंबई. सकाळी सातला फोन आला, 'मी हाय, बरा हाय.'" तिने चेंडू दोनदा दाबला. "रात्री मी देवाला म्हणले होते, हे माघारी आले तर जे मागशील ते देईन. सकाळी वाटलं, देवाला काय द्यायचं, तिकडं माणसं पडलीत."

मला बोलल्याशिवाय राहवेना. "मी तुम्हाला त्या दिवशी फार वाईट बोलले. सगळ्यांसमोर. तुमच्या अंगात रक्त नाही, असं."

तिने चेंडू दाबायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. "असं म्हणला होता? मला नाही आठवत. गूळ-शेंगदाणे खा म्हणला होता ते आठवतंय. गोळ्याबी तुम्हीच सांगितल्या. इतकी वर्षं चक्कर यायची, कुणी सांगितलं नव्हतं."

खरंच विसरली होती की मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तसं म्हणाली, हे मला आजही कळलेलं नाही. तेव्हा लाल झालेल्या कानाच्या पाळ्या मी बघितल्या होत्या. पण गूळ-शेंगदाण्याचंही खोटं नव्हतं, ते मीच बोलले होते. फक्त मी ते तिला काही द्यायचं म्हणून सांगितलं नव्हतं, वाटेतून बाजूला करायचं म्हणून सांगितलं होतं. तिने मात्र ते घेतलं आणि सहा महिने रोज खाल्लं.

"हे आता मुंबईला जाणार?" तिने पिशवीकडे बघत विचारलं.

"नाही. इथेच कुणाला तरी. बहुतेक बाळंतिणीला लागेल."

"मग बरंय," ती म्हणाली. कॉफी प्यायली, बिस्किटाचा पुडा पिशवीत टाकला आणि बस पकडायला गेली.

पुढे ती बरीच वर्षं येत राहिली. एकदा मालकांनाही घेऊन आली. ते सुईला इतके घाबरत होते की त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्याने वाचायला लावावं लागलं.

ती पहिल्यांदा रक्त देऊन गेली त्याच आठवड्यात मी डॉक्टरांना म्हटलं की तपासणीचं टेबल आतल्या खोलीत हलवू या, कुणाचा थेंब तरंगला ते रांगेला दिसायला नको. ते म्हणाले, आत जागा कमी आहे, गैरसोय होईल. झाली थोडी. मी निवृत्त होईपर्यंत टेबल आतच राहिलं.