वाढत्या मापाचा कोट

गल्लीच्या तोंडाशी, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी ज्याचं दुकान होतं, त्या टेलरला सगळे ऐसपैस मास्तर म्हणत. अगदी तोंडावर म्हणत. यात काही चेष्टा असेल अशी शंका त्याला कधी आली नाही. तो बिचारा ते कौतुक समजून मान तुकवायचा.

तसा मास्तरचा हात सुरेख होता. शिलाई सरळ, काजं रेखीव, कॉलरला कुठे म्हणून सुरकुती नाही. खोट एकच. समोर उभ्या असलेल्या माणसाचं माप घेऊन तो कपडे शिवायचा ते काही वर्षांनंतरच्या माणसाचे. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात हे कुणीही समजून घेईल, पण मास्तर म्हाताऱ्यांनाही वाढवायचा. "आत्ता सडपातळ आहात हो, पण पुढे सुटाल," असं तो नवरदेवाला सांगायचा आणि अशी विजार शिवून द्यायचा की तिच्यात आणखी एक पाहुणा मावला असता. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवतात, त्याला धंद्यात माया म्हणतात. इतर टेलर बोटभर माया ठेवत. मास्तरचा सदरा उकलला तर आतून दुसरा सदरा निघायचा.

घरात तर आनंदीआनंद होता. लेकीचा गणवेश नवा असताना तिच्या गुडघ्यांखाली लोंबायचा, आणि बरोबर मापाला यायचा तेव्हा कोपरांवर विरलेला असायचा. मग पुन्हा नवा, पुन्हा लोंबता. बायको हुशार. तिनं आपले कपडे गुपचूप पलीकडच्या गल्लीतल्या बाईकडे शिवायला टाकले होते, आणि टेलरच्या बायकोनं असं करावं हा गल्लीचा आवडता विषय होता. मास्तरनं स्वतःचा लग्नातला कोटही पोटासाठी जागा ठेवून शिवला होता. "आमच्या घरात चाळिशीला सगळ्यांना पोट सुटतं," म्हणायचा. चाळिशी आली आणि गेली. पोट काही आलं नाही. कोट अजून त्याची वाट बघत होता.

आणि हे कपड्यांपुरतंच असतं तर सोडून देता आलं असतं. चांगले कप कपाटात बंद होते, आरामखुर्ची अजून प्लॅस्टिकच्या वेष्टणात होती आणि तिच्यावर बसलं की उठताना मोठा आवाज व्हायचा. बायको दुकानात चहा आणून द्यायची. "एवढी बाही लावतो, मग निवांत पितो," असं म्हणून मास्तर मशीनवर वाकायचा. बाहीमागून दुसरी बाही यायची, दुसरीमागून कॉलर, आणि शेवटी वर साय धरलेला गार चहा तो एका घोटात औषधासारखा संपवायचा. आयुष्यात त्यानं गरम चहा प्यायला होता की नाही कोण जाणे.

त्याचे वडील अगदी उलट. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी उभा जन्म बस चालवली होती, आणि पुढचं बघायची जेवढी म्हणून सवय माणसाला असते, तेवढी त्यांनी नोकरीतच वापरून संपवली होती. निवृत्त झाल्यावर ते दुकानासमोरच्या बाकावर बसायचे. बिस्कीट खाताना फक्त बिस्कीट खायचे. कुत्रं आलं की कुत्र्याकडे बघायचे. गेल्या हिवाळ्यातल्या आजारपणानं ते निम्मे झाले होते, पण बाक सुटला नव्हता.

एका मंगळवारी सकाळी ते बाकावरून उठून दुकानात आले आणि म्हणाले, "मला एक कोट शिव."

"कशाला?" मास्तरनं मान वर न करता विचारलं.

"घालायला."

"तसं नव्हे हो अण्णा. प्रसंग काय?"

"मंगळवार आहे."

मास्तरची कात्री थांबली. कुणाचं लग्न, कुणाचा सत्कार, गेला बाजार एखादा फोटो तरी? काहीच नाही म्हटल्यावर तो हसून म्हणाला, "बरं, शिवू. आधी तब्येत सुधारू दे तुमची. अंग भरलं की माप घेतो."

"तब्येत हीच आहे," अण्णा म्हणाले. "हिच्याच मापाचा शिव. जन्मभर डेपोनं दिलेल्या पोत्यात बसलो, नंतर तू शिवलेल्या पोत्यात. मला एकदा अंगाबरोबर बसलेला कोट घालून त्या बाकावर बसायचंय. आणि या हिवाळ्यात बसायचंय. ट्रंकेतलं कापड काढ." एवढं बोलून ते गिऱ्हाइकांच्या स्टुलावर जे बसले ते हलेनात.

हे कापड म्हणजे राखाडी, लोकरी, हात फिरवला तरी समाधान वाटावं असं. मास्तरनं दुकान टाकलं तेव्हा अण्णांनी ते आणून दिलं होतं, पहिला कोट स्वतःला शिव म्हणून. मास्तरनं ते चांगल्या प्रसंगासाठी ठेवून दिलं. स्वतःच्या लग्नातही काढलं नाही, याहून चांगला प्रसंग येईल म्हणाला. हे तो होणाऱ्या बायकोसमोर बोलला होता, आणि ती अजून विसरलेली नाही.

अण्णा स्टुलावरून उठतील असं चिन्ह दिसेना, तेव्हा मास्तर नाइलाजानं ट्रंक घेऊन आला. झाकण उघडलं, कापड उलगडून दाराशी धरलं, आणि त्यातून पलीकडचा चपला दुरुस्त करणारा दिसायला लागला. कसर लागली होती. घडीघडीवर भोकं. डांबराच्या गोळ्या कधीच विरून गेल्या होत्या, आणि त्या बघायला मास्तरनं ट्रंक उघडली नव्हती, कारण उघडली तर कापडाला हवा लागली असती!

त्याला रडूच यायचं बाकी होतं. चहा घेऊन आलेली बायको कापडाकडे बघून म्हणाली, "चला, किड्यांचा तरी प्रसंग साजरा झाला."

मास्तरनं कापड टेबलावर पसरलं. खडूनं एकेका भोकाला वळसा घातला. इकडून पाठ काढून बघितली, तिकडून बाह्या. त्याचा स्वतःचा कोट त्यात आता कुठल्याच हिशेबानं बसत नव्हता. लहानखुऱ्या माणसाचा मात्र जेमतेम बसला असता, तोसुद्धा माया अगदी धाग्यापुरती ठेवली तर. एक बोट चुकलं की सगळंच वाया. अशी जोखीम त्यानं आजवर कधी अंगावर घेतली नव्हती.

"उभे राहा अण्णा," तो म्हणाला.

अण्णांचं माप त्याला पाठ होतं, म्हणजे असं तो समजत होता. इतकी वर्षं जुन्याच आकड्यात थोडं वाढवून त्यानं काम भागवलं होतं. आता त्यानं छातीभोवती टेप नेली. दोन्ही टोकं जिथं मिळाली तिथं अंगठा ठेवून तो बघत राहिला. टेप सोडली, पुन्हा घेतली.

"हलू नका."

"हलतोय कुठे? गाडी थांब्यावर आहे."

मग खांदे. याच खांद्यांवर बसून लहानपणी त्यानं डेपोतल्या सगळ्या बसचे टप बघितले होते. आता हाताखाली नुसती हाडं लागत होती. अण्णा एवढेसे झाले आहेत आणि रोज समोरच्या बाकावर बसूनही आपल्याला ते दिसलं नाही, याची त्याला लाज वाटली. तो हळूहळू माप घेत राहिला. बाही, पाठ, मनगट. दारात गिऱ्हाईक येऊन दोनदा खाकरलं, त्याला ऐकूच आलं नाही. कोपरावरचा जुना व्रण, कानामागचे राठ केस, दाढी करताना राहून गेलेला हनुवटीवरचा पट्टा, सगळं त्याला दिसत होतं, आणि पुढच्या बाहीचं काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

कापायच्या वेळी बायको आणि लेक श्वास रोखून उभ्या. कात्री भोकांच्या कडेकडेनं निघाली आणि सुखरूप बाहेर पडली. पुढच्या मंगळवारी कोट तयार झाला. अण्णांनी तो घातला, आरशात समोरून बघितलं, बाजूनं बघितलं.

"अरे, मी एवढाच आहे होय!" ते म्हणाले, आणि खूश होऊन बाकावर जाऊन बसले.

"काय अण्णा, आज काय विशेष?" लोक विचारत.

"मंगळवार."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. त्यानंतर तो कोट अण्णांच्या अंगावरून उतरेना. दूध आणायला कोट, कुत्र्याशी गप्पा मारायला कोट. बिस्कीट चहात बुडवताना तुटलं आणि कॉलरच्या खाली डाग पडला, तेव्हा मास्तरचा जीव कासावीस झाला. "अण्णा, जपून वापरा हो!"

"तू जपलं होतंस ना ट्रंकेत," अण्णा म्हणाले, आणि दुसरं बिस्कीट बुडवलं.

त्या कोटानं मास्तरचा हात मात्र बदलला. लेकीनं संधी साधून आपलंही खरं माप घ्यायला लावलं, आणि कोपरं शाबूत असलेल्या गणवेशात ती पहिल्यांदाच शाळेत धावत गेली. वर्ष संपायच्या आत तो आखूड झाला. मास्तर कुरकुरला आणि नवा शिवायला बसला. आरामखुर्चीचं प्लॅस्टिक बायकोनं एका दुपारी ओरबाडून काढलं, तिला कुणी अडवलं नाही. खरा घोटाळा झाला तो गिऱ्हाइकांचा. जुनी मंडळी सदरा अंगात घालून गोंधळून परत येत. "मास्तर, काहीतरी चुकलंय. हा तर मलाच बसतोय."

पुढचा हिवाळा आला. एका सकाळी अण्णा तोच कोट घालून दुकानात आले. बटण एक गेलेलं, डाग दोन वाढलेले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बाह्या बोटांवर आल्या होत्या. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती.

"बघ रे," ते हसत म्हणाले, "शेवटी तुझा कोट वाढत्या मापाचाच निघाला."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिला. अंग भरेल, थंडी सरली की बरं वाटेल, असं बरंच काही त्याच्या ओठांवर आलं. पण त्यानं गळ्यातली टेप काढली.

"द्या इकडे. किती आत घेऊ?"

"आजच्यापुरता घे," अण्णा म्हणाले, आणि कोट काढून स्टुलावर बसले.

माप घेऊन झालं तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. चांगल्या कपांतून आणला होता. मास्तरनं मशीनचं चाक हातानं थांबवलं, दुसरं स्टूल ओढलं आणि अण्णांच्या शेजारी बसला. दारातून एक गिऱ्हाईक डोकावलं. "मास्तर, माझ्या पँटचं काय झालं?"

"थांबा जरा," मास्तर म्हणाला. "चहा गरम आहे."